कारणाच्या रकान्यात कासव

आमच्या गावात पाण्याबाबत शेवटचा शब्द सरपंचांचा नसतो, तालुक्याच्या इंजिनिअरचाही नसतो. तो कासवाचा असतो. हे कासव गावच्या मोठ्या विहिरीत राहतं. त्याचं वय कुणाला ठाऊक नाही. ज्या विहिरीत कासव जगतं ते पाणी चोख, असा आमच्याकडचा नियम आहे. मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. मिनिडोर रिक्षात दोन मासळीच्या टोपल्यांच्या मधे बसून तीन वर्षं अलिबागला गेले, तेव्हा पदवी मिळाली. कासवाला कसलीच पदवी नाही. तरी गावाने आम्हा दोघांना समोरासमोर उभं केलं तेव्हा पुष्कळ दिवस मतं त्यालाच जास्त पडत होती.

गाव रेवदंड्याच्या पुलापलीकडे, काशीदच्या अलीकडे. मार्च लागला की खाडीकडच्या विहिरी मचूळ होतात. बारा महिने गोड राहणारी विहीर एकच, आणि ती एका बागायतदार काकांच्या नारळ-पोफळीच्या वाडीत आहे. त्यांच्या आजोबांनी ती गावाला खुली केली, असं सांगतात. त्या ‘गावा’त आमची बौद्धवाडी तेव्हा धरलेली नव्हती. पुढे पंचायतीने विहिरीवर पंप बसवला, पाइप टाकला, आणि पाइपाला कोण कुठला ते कळत नसल्यामुळे पाणी आमच्याही नळाला आलं. आमच्या जिल्ह्यात पाण्यावरून काय काय झालं ते मी इथे सांगत बसत नाही. ज्याला ठाऊक नसेल त्याने कुणाला तरी विचारावं.

पंचायतीत जलसुरक्षक नावाचं एक पद असतं. नाव ऐकून वाटतं हातात भाला असेल. असते बादली. विहिरीत रोज टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, मापाने टाकायची. तासाभराने नळाचं पाणी छोट्या बाटलीत घेऊन त्यात औषधाचे दोन थेंब सोडायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन पोचलं, नाही झालं तर नाही. याला ओटी टेस्ट म्हणतात. मग रजिस्टरमध्ये लिहायचं आणि सही करायची. आधी हे काम काकांच्या वाडीतलाच एक गडी करायचा. तो काशीदला पर्यटकांची बोट चालवायला गेला आणि पद रिकामं झालं. एवढ्याशा मानधनावर कुणी येईना. तेव्हा ग्रामसेवक भाऊसाहेबांना माझी आठवण झाली. “शिकलेली आहेस, घरीच आहेस, ये,” म्हणाले. घरीच आहेस, हे त्यांनी जरा जोर देऊन म्हटलं. मी गेले.

पहिल्या दिवशी मी रजिस्टर वाचलं. हे बहुधा त्या रजिस्टरच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. पानोपानी एकाच शाईत ‘टाकली’, पुढे ‘पिवळी’, पुढे सही. त्या गड्याने रविवारी टाकली होती, गणपतीत टाकली होती, शिमग्याला टाकली होती, एवढंच काय, फेब्रुवारीच्या तीस तारखेलाही टाकली होती. मग मी पावडर बघायला मागच्या खोलीत गेले. गोण्या मंडपाच्या बांबूंखाली होत्या. एक फोडली तर आतून पावडरीचा दगड निघाला. क्लोरीन केव्हाच उडून गेलं होतं, नाकाला साधी झिणझिणीसुद्धा नाही. बाकीच्या गोण्यांची शिवणही उसवलेली नव्हती. थेंबांच्या औषधाची बाटली तळाशी सुकून तपकिरी झाली होती.

मी भाऊसाहेबांना विचारलं तेव्हा ते अजिबात दचकले नाहीत. म्हणाले, विहिरीत कासव आहे, पावडरीने मरतं, काकांना चालत नाही, काका दुखावले तर विहीर बंद करतील. हे सगळं एका दमात. जिल्हा परिषदेची योजना समजावून सांगतात त्या आवाजात. “तू फक्त सही करत जा.”

आता सहीचं सांगते. आमचे बाबा अंगठा देतात. त्यांनी आयुष्यात बरेच अंगठे दिले. असाच एक अंगठा ‘इथे दे रे’ म्हणून घेतला होता आणि त्याने आमची घरामागची जागा गेली. कुठल्या कागदाने गेली ते बाबांना अजून सांगता येत नाही. त्यामुळे मी शाळेत पहिल्यांदा सही शिकले तेव्हा आईने वहीचं अख्खं पान भरून करायला लावली होती, जसं काही त्या पानावर जागा परत मिळणार होती. तर ती सही मी ‘टाकली’च्या पुढे, न टाकलेल्या पावडरीसाठी, करायची होती. मी म्हटलं, आधी काकांना भेटते.

काका ओटीवर सुपारी सोलत बसले होते. मी अंगणात उभी. ते मला नीटच बोलले, हे आधी सांगते. ते नेहमी नीटच बोलतात. म्हणाले, पोरी, तू शिकलीस, आम्हाला अभिमान आहे. हे आमच्या वाडीतल्या प्रत्येक शिकलेल्या पोराला ते सांगतात, आणि अंगणातच सांगतात. मी त्यांना समजावलं की विहिरीचा व्यास आणि पाण्याची उंची मोजून मी पावडर टाकणार. बादलीत कालवून, चुना खाली बसला की वरचं निवळ पाणी तेवढं सोडणार. एवढ्याने कासवाला काही होणार नाही.

“तुला कासवाचं काय ठाऊक?” काकांनी विचारलं.

हा मुद्दा बरोबर होता. मला केमिस्ट्रीला चार पेपर होते, कासवाचा एकही नव्हता.

परत येताना मला एक गोष्ट कळत होती, आणि ती मी इथे सरळ लिहिते. पावडर टाकायची तर कठड्यावर चढावं लागतं, बादली आत सोडून पाणी ढवळावं लागतं. आधीचा गडी चढला असता तर चाललं असतं. तो चढला नाही हा भाग वेगळा. मी चढणं ही गोष्टच निराळी होती. हल्ली ते तोंडाने कुणी बोलत नाही. शिकले सगळेच. एका बाईने मात्र आईला बाजारात बाजूला घेऊन विचारलं होतं की पोरगी महिन्याचे तीसही दिवस विहिरीवर जाणार की काय. बाकी गाव सुसंस्कृत आहे. कासव होतं म्हणून बरं, नाहीतर त्यांना खरं कारण शोधायला किती त्रास पडला असता.

दुसऱ्या दिवशी रजिस्टर उघडलं. तारीख लिहिली. पावडरीच्या रकान्यात लिहिलं, ‘टाकली नाही’. उपकेंद्रातून थेंबांची नवी बाटली आणून टेस्ट केली होती, त्या रकान्यात, ‘रंग आला नाही’. शेवटी एक रकाना असतो, ‘टाकली नसल्यास कारण’. तो छापखान्यातून आला तसा कोरा होता, सगळ्या पानांवर. त्यात मी लिहिलं, ‘कासव’. आणि खाली सही केली, पूर्ण नावाने.

तिसऱ्या दिवशीही कासव. चौथ्या दिवशीही. भाऊसाहेबांनी ते कधी पाहिलंच नाही, कारण रजिस्टर वाचायची पद्धत नव्हती.

मधल्या काळात मी आणखी एक उद्योग केला. आरोग्य उपकेंद्रात पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या मिळतात. पाणी भरून ठेवायचं, दोन दिवसांत काळं पडलं तर त्यात घाण आहे. मी नळाचं पाणी भरून बाटली आमच्या फळीवर, डाळीच्या डब्याशेजारी ठेवली. दुसऱ्या सकाळीच ती काळी ठिक्कर. आईने डबा उचलून दुसरीकडे नेला. घाण कुठून येते तेही कोडं नव्हतं. काकांच्या मुलाने वाडीत चार कॉटेज बांधली आहेत आणि त्यांच्या संडासाच्या टाक्या विहिरीच्या इतक्या जवळ आहेत की पाहुणा कडी लावतो ती कासवाला ऐकू येत असावी. बाटली मी भाऊसाहेबांना दाखवली. ते म्हणाले, बाटली जुनी असेल. तारीख दाखवली. मग म्हणाले, उन्हात ठेवली असशील. काकांना दाखवली तर ते हसले. एवढ्याशा बाटलीत कोंबलं तर मीसुद्धा काळा पडेन, म्हणाले. ओटीवरची सगळी मंडळी हसली. विनोद बरा होता, मलाही हसू येत होतं, पण मी आवरलं.

बाबांना हे सगळं अजिबात आवडत नव्हतं. त्यांनी त्या वाडीत उभी हयात काढली, पोफळीवर चढून, एका झाडावरून दुसऱ्यावर झोके घेत. तहान लागली की वरून ओतलेलं पाणी ओंजळीत प्यायचे. त्यांनी मला जेवताना सांगितलं, “लिही ना टाकली म्हणून. ते पानी पितंय कोण? आपनच ना? आपल्या पोटाला सवय हाय.”

मी म्हटलं, मग सही तुम्ही करा.

“माझा अंगठा चालतो काय तिथं?”

“चालत असता तर तुम्ही दिला असता?”

त्यांनी भाताचा घास केला आणि तो ताटातच ठेवला. मग उठून हात धुतले. त्यानंतर सही कर म्हणून ते मला कधी बोलले नाहीत.

पावसाच्या तोंडावर गावात जुलाब सुरू झाले. आधी खालच्या आळीत दोन घरं, मग आमच्या वाडीत, मग शाळेत. उपकेंद्राच्या बाकावर जागा मिळेना. आरोग्य सेवक तालुक्याहून आला, त्याने नळाचं पाणी घेतलं आणि रजिस्टर मागितलं. ज्याला वाचायची सवय आहे असा हा पहिलाच माणूस. त्याने पान उलटलं, आणखी एक उलटलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“हे कासव म्हणजे काय?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, कासव म्हणजे कासव. त्याने मोबाइलवर फोटो काढले. पाण्याचा अहवाल ‘पिण्यास अयोग्य’ असा आला आणि पंचायतीला लाल कार्ड मिळालं. पाणी बरं असेल तर हिरवं कार्ड देतात, धोक्याचं असेल तर लाल. आमचं वर्षानुवर्षं हिरवं होतं. कार्यालयात काचेच्या चौकटीत लावलेलं, बाजूला प्लास्टिकची फुलं. तालुक्याच्या बैठकीत कोणीतरी माझं रजिस्टर मोठ्याने वाचून दाखवलं आणि सगळे हसले, असं भाऊसाहेबांनी सांगितलं. ते स्वतः हसले नसावेत. येताना ते एक नवं कोरं रजिस्टर घेऊन आले. यात सगळं पहिल्यापासून उतरव, म्हणाले, नीट, ‘टाकली’ लिहून. जुनं पावसात भिजलं असं दाखवू. नाही उतरवलंस तर पद राहणार नाही, हेही सांगितलं. तेही नीटच सांगितलं.

मी नवं रजिस्टर टेबलावर तसंच ठेवून घरी आले. त्याच आठवड्यात काकांच्या सुनेचा मला फोन आला.

ही सून पनवेलची, माझ्याच वयाची, कॉटेजचा कारभार तिच्याकडे. “तुझं केमिस्ट्री आहे ना गं? जरा ये ना. पूल हिरवा पडतोय आणि शनिवारी बुकिंग आहे.” कॉटेजच्या मागे त्यांनी पोहण्याचा तलाव केला आहे, निळ्या फरशीचा. मी गेले. कोपऱ्यातल्या खोलीत क्लोरीनचे पांढरे ड्रम रांगेत मांडलेले, झाकणं घट्ट, सावलीत, खाली लाकडी फळ्या. आमच्या पंचायतीच्या गोण्यांनी बघून लाजावं असा थाट. पाणी तपासायची पेटीही होती, आतलं औषध ताजं. दोन थेंब टाकले आणि फिकट पिवळा रंग आला. उन्हाने क्लोरीन उडतंय, संध्याकाळी टाकत जा, एवढंच मी सांगितलं. तिने लिहून घेतलं. पाहुणे पाण्याचा वास घेऊन बघतात, म्हणाली, क्लोरीनचा वास आला नाही तर नेटवर कॉटेजच्या नावाखाली वाईट लिहितात.

मग तिने मला पाणी दिलं. कागदी ग्लासात. पाहुण्यांसाठीचे आहेत, म्हणाली. असतील. पाणी मशीनचं होतं. तिनेच आपणहून सांगितलं, तिच्या मनात काही नव्हतं: “विहिरीचं आम्ही नाही पीत. मागे आमच्या सासऱ्यांना फार त्रास झाला, तेव्हापासून मशीन घेतलं.”

मी ते पाणी पूर्ण प्यायले. थंड होतं.

ग्रामसभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. सरपंचबाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांच्या वतीने त्यांचे यजमान बोलले. आमच्याकडे हीच पद्धत आहे. विषय होता, ‘पाणी रजिस्टरमधील नजरचुकीच्या नोंदी दुरुस्त करणे’. काका उठले. गावाची बदनामी झाली, म्हणाले. पर्यटक आता पुढच्या गावाला जातील. एका मुलीच्या हट्टापायी गावाच्या पोटावर पाय. ती आपलीच लेक आहे, चुकली, दुरुस्त करील. आवाजात माया होती. नवं रजिस्टर टेबलावर उघडं ठेवलेलं, पेन त्यावर आडवं.

मी उठले. शाळेच्या नळाचं पाणी मी येतानाच स्टीलच्या पेल्यात भरून आणलं होतं. पेला घेऊन मी काकांसमोर गेले.

“काका, हे तुमच्या विहिरीचं पाणी. कासव जिवंत आहे, म्हणजे चोख आहे. तुम्ही हे प्या, मी आत्ता सगळ्यांसमोर सगळी पानं भरते.”

काकांनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं. त्या क्षणी त्यांची जी अडचण झाली ती मला शब्दाशब्दाने दिसत होती. पाण्यामुळे नको म्हणावं, तर पाणी खराब हे कबूल. हातामुळे नको म्हणावं, तर ते बोलायचे दिवस गेले, आणि तीन जण मोबाइलवर चित्रीकरण करत होते.

“आज माझी चतुर्थी आहे,” काका म्हणाले.

मागे कोळीवाड्यातली एक म्हातारी बसली होती, घरात दोन नातवंडं जुलाबाने आडवी. ती बसल्या जागेवरून म्हणाली, “पानी चालतंय की उपासाला. जेव कोन म्हनतंय तुला?”

कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. काकांची सून दाराशी उभी होती, ती हसली नाही, जमिनीकडे बघत राहिली. पेला अजून माझ्या हातातच होता आणि हात भरून आला होता. काका खाली बसले. बसता बसता, माझ्याकडे न बघता, भाऊसाहेबांना म्हणाले, “टाका म्हणावं. पण कासव आधी काढा.”

दुसऱ्या सकाळी कासव निघालं. चार माणसं, दोर, मोठी टोपली, आणि सूचना देणारे वीस. मी सांगून पाहिलं की एवढी गरज नाही. कोणी ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं. इतक्या सन्मानाने सत्ता सोडताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. त्याला निळ्या ड्रममध्ये पाण्यात ठेवलं, भात घातला. त्याने भाताला तोंड लावलं नाही. दोन दिवसांनी त्याला परत विहिरीत सोडलं आणि ते अजून आहे. नवी गोणी तालुक्याहून आली होती. फोडली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, एवढी ताजी.

बाबा काकांच्या वाडीच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, माझ्यासोबत आले होते. मी आत गेले तेव्हा ते तिथेच थांबले. बादली जड होती. मी मागे वळून पाहिलं. मग ते आले, माझ्या हातातून बादली घेतली आणि विहिरीपर्यंत आणली. इतकी वर्षं त्या वाडीत काम केलं, पण त्या कठड्याला हात लावायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली असावी, कारण त्यांनी बादली त्यावर ठेवण्याआधी कठडा हाताने झटकून घेतला. मी चढले. निवळ पाणी सोडलं, दोर धरून बादली वरखाली करून विहीर ढवळली. लोक लांबून बघत होते. काका नव्हते. तासाभराने शाळेच्या नळावर दोन थेंब टाकले आणि बाटलीतलं पाणी पिवळं झालं.

कार्यालयात गेले. नवं रजिस्टर बाजूला सारलं आणि जुनं उघडलं. तारीख, माप, ‘टाकली’, ‘पिवळी’. कारणाचा रकाना रिकामा सोडला. सही केली. भाऊसाहेब समोरच बसले होते. त्यांनी रजिस्टर आपल्याकडे वळवलं, मागची पानं चाळली आणि एका ‘कासव’वर बोट ठेवलं. आता तर टाकलीच आहेस, म्हणाले, मग मागचंही तेवढं जुळवून टाक, काय बिघडतं? खिशातून पेनसुद्धा काढून दिलं.

मी म्हटलं, त्या दिवसांच्या खालीही सही माझीच आहे. खोडायचं असेल तर खोडा, पण ज्याने खोडलं त्याने बाजूला आपली सही करायची, पूर्ण नावाने.

त्यांनी थोडा वेळ त्या पानाकडे पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं आणि ते परत खिशात ठेवलं.